इंदूरच्या मे महिन्यात समुद्रकिनारा : एका कॉलनीच्या पार्टीचं प्रकरण

राजेंद्र नगरच्या बाजूची ३४ घरांची कॉलनी. निम्म्याहून जास्त घरं मराठी, बाकी माळवी, सिंधी, गुजराती. मधे ६० बाय ४० फुटांची मोकळी जागा : अर्ध्यात पेव्हर ब्लॉक, अर्ध्यात हिरवळ म्हणता येईल असं काहीतरी. शाळांना सुट्ट्या लागल्या, निम्मी मुलं मामाच्या गावी जाण्याआधी एक सगळ्यांची संध्याकाळ व्हावी म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात ‘ट्रॉपिकल’ पार्टी ठरली. माणसं ११२ : मोठी ५८, चौदा वर्षांपर्यंतची मुलं ३६, पासष्टीपुढची मंडळी १८. वर्गणी घरटी १,२०० रुपये, म्हणजे हातात ४०,८००. प्रकरण प्रातिनिधिक आहे. बोट दाखवावं अशी एकच कॉलनी यामागे नाही. पण मापं, वेळा आणि चुका अशा पार्टीत जशा होतात तशाच घेतल्या आहेत.

पहिला कच्चा हिशेब तरुण मंडळींनी मांडला. सजावटीला १४,००० : हवा भरायची नारळाची झाडं, थर्माकोलचे फ्लेमिंगो, प्लास्टिकचे गवती घागरे, टिकी मशाली, रंगीत स्ट्रॉ. सावलीला ३,०००. बर्फाला ५००. सुरुवात दुपारी चारला. हा हिशेब डोक्यावर उभा होता.

कारण नकाशात आहे. हवाईतलं होनोलुलू साधारण २१.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, इंदूर २२.७ वर. कर्कवृत्त तर उज्जैनच्याही उत्तरेकडून जातं. म्हणजे इंदूर उष्णकटिबंधातलंच शहर. थीम बाहेरून आणायची गरजच नाही. फरक आहे तो समुद्राचा. होनोलुलूत मेमधला दिवसाचा पारा तिशीच्या आसपास राहतो. इंदुरात तो चाळिशीला टेकतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा कडक होतो. इथे किनारा उभा करायचा म्हणजे नारळाचं झाड आणायचं नाही, समुद्र जे काम करतो ते करायचं : हवा ओली आणि गार ठेवायची. पैसा तिकडे गेला पाहिजे. दुसऱ्या हिशेबात सावली, कूलर, पाणी आणि बर्फ मिळून १३,२०० झाले, एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा. सजावट १,५०० च्या किरकोळ खात्यात गेली, आणि कोणाला ती कमी वाटली नाही.

दिवस आणि वेळ

पहिला ठरवलेला शनिवार संकष्टीचा निघाला. व्हॉट्सॲपवर निमंत्रण गेल्यावर दोन तासांत एका काकूंनी दाखवून दिलं. अकरा घरांत उपास, आणि चंद्रोदय रात्री दहाच्या पुढे. मराठी वस्तीत तारीख काढताना सुट्ट्यांच्या यादीआधी पंचांग बघावं : संकष्टी, एकादशी, आणि मेमधले लग्नाचे मुहूर्त. मोठा मुहूर्त असला की टेंट हाऊसवाले कूलर दुप्पट भाड्याने देतात किंवा देतच नाहीत. पार्टी आठवडाभर पुढे गेली.

जूनच्या पहिल्या आठवड्यापलीकडे मात्र ढकलू नये. मान्सून इंदुरात जूनच्या मध्यानंतर येतो, पण दमटपणा आधीच येऊन बसतो आणि दमट हवेत कूलर नुसताच पंखा होतो.

मेअखेर इंदुरात सूर्य सात-सव्वासातला मावळतो. चारची वेळ रद्द करून सव्वासहा केली. माळव्याच्या रात्री गार म्हणून नावाजलेल्या आहेत, ‘शब-ए-माळवा’ म्हणतात ते उगीच नाही; पण ती गंमत साडेआठनंतर सुरू होते. तोवर पेव्हर ब्लॉक दिवसभर प्यायलेली उष्णता पायाखालून परत देत असतात. म्हणून खेळ आणि बसणं हिरवळीच्या बाजूला, जेवणाची टेबलं ब्लॉकवर. ब्लॉकवर पाचला एकदा आणि सहाला एकदा सडा. एका सड्याचा गारवा वीस-पंचवीस मिनिटं टिकतो.

निमंत्रणात चारच गोष्टी विचारल्या : किती जण, पाचच्या खालची मुलं किती, काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला, साखर कोणाला चालत नाही. उत्तरांसाठी दिवस ठरवून दिला आणि तो उलटल्यावर फोन केले. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे ‘वाचलं’, ‘येतो’ नव्हे.

सावली आणि कूलर

शेतीची हिरवी शेडनेट, ७५ टक्के ऊन अडवणारी, बांबूंवर १२ फूट उंच. रंगीत कापडी मंडप घेतला नाही, कारण कापडाखाली गरम हवा कोंडते. नेटमधून ती वर निघून जाते. आडवी नेट टाकून भागत नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं, थेट तोंडावर येतं, तिकडे उभी नेट हवी. इथे टेंटवाल्याची नेहमीची चूक झाली : त्याने उभी नेट बरोबर पश्चिमेला लावली. मेअखेर इंदुरात सूर्य पश्चिमेला मावळत नाही, पश्चिमेच्या सुमारे २३ अंश उत्तरेला मावळतो. ज्येष्ठांच्या दोन रांगा पाऊण तास उन्हात आल्या. आदल्या संध्याकाळी साडेसहाला जागेवर उभं राहून ऊन कुठून येतं ते खडूने आखून ठेवलं असतं तर हे टळलं असतं. कंपास लागत नाही.

बांबू जमिनीत रोवता येत नव्हते, म्हणून वाळू भरलेल्या १५ किलोच्या तेलाच्या डब्यांत उभे केले आणि ताण झाडांना, कठड्याला दिला. मेअखेर संध्याकाळी वावटळ आणि गडगडाट दोन्ही अचानक येतात. नेटचे तीन कोपरे पक्के आणि वाऱ्याकडची बाजू ओढली की सुटणाऱ्या गाठीने बांधलेली. पावणेआठला धूळ उठली तेव्हा दोघांनी दोऱ्या ओढल्या, नेट खाली आली, दहा मिनिटांत वारा सरला. पक्क्या गाठी असत्या तर नेट शिडासारखी फुगून बांबू टेबलांवर आले असते. विजा चमकू लागल्या तर मात्र नेट, बांबू सोडून माणसांनी सरळ घरात जायचं.

कूलर चार, २४ इंची पंख्याचे, लोखंडी. वाळ्याच्या ताट्या आदल्या दिवशी भिजवून ठेवल्या, नाहीतर पहिला अर्धा तास धूळ आणि कोरडा वास येतो. जागा अशी की कूलरची पाठ मोकळ्या हवेकडे, तोंड माणसांकडे आणि समोरची बाजू उघडी. कूलर कोपऱ्यात तोंड करून ठेवला तर तीच ओली हवा फिरत राहते आणि अर्ध्या तासात चिकट होते. कोरड्या हवेत असा एक कूलर तासाला वीसेक लिटर पाणी पितो. चार कूलर, चार तास : ३२० लिटर. सडा ३००, हात धुणं आणि भांडी ५००, पिण्याचे २० लिटरचे सहा जार. सगळं मिळून साडेबाराशे लिटरच्या घरात. इंदूरचं पाणी जलूदहून नर्मदेतून उचलून येतं आणि बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड मिळतं. शनिवार कोरडा दिवस होता. टाकी बघून ‘होईल’ म्हणण्यापेक्षा लहान टँकर ७०० रुपयांत सांगितला ते बरं झालं. जाणकार म्हणतील, पाण्याची टंचाई असताना कूलरला इतकं पाणी? हरकत रास्त आहे. म्हणूनच मुलांचे पाण्याचे खेळ कापले आणि हात धुतलेलं पाणी झाडांकडे वळवलं.

विजेचा भाग कंटाळवाणा, पण जीव जाण्याची जागा हीच. लोखंडी अंगाचा कूलर, ओली जमीन, अनवाणी मुलं. प्रत्येक कूलरला तीन पिनांचा प्लग, अर्थिंग तपासलेलं, खाली लाकडी फळी, आणि लाईन वीजगळती होताच बंद करणाऱ्या स्विचमधून घेतलेली. पाणी भरताना आधी प्लग बाहेर, मग झारी. भार मोजला : कूलर १.६ किलोवॅट, दोन मिक्सर १.५, ध्वनी ०.६, दिवे ०.३, एकूण ४ किलोवॅट. सोळा अँपिअरच्या एका पॉईंटवर साधारण ३.७ च बसतात. तरी सगळं एकावर जोडलं गेलं आणि पाच चाळीसला पहिला मिक्सर फिरताच सगळं बंद पडलं. मिक्सर शेजारच्या घरातून वेगळ्या लाईनवर घेतले. एक्स्टेंशनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवू नये. गुंडाळीत ती तापते, आवरण मऊ पडतं.

बर्फ

अशा पार्टीत माणशी दीड किलोच्या आसपास बर्फ लागतो, आणि तो दोन प्रकारचा. पेयात टाकायचा खाण्याचा बर्फ ६० किलो, पिशव्यांतले तुकडे. बाटल्या, शहाळी, आंबे गार करायला कारखान्याची साधी लादी १०० किलो. ही लादी पिण्याच्या पाण्याची असेलच असं नाही. म्हणून खाण्याचा नसलेल्या बर्फाला निळी झाक देण्याचा नियम आहे. दोन्ही बर्फ एकाच टेबलाखाली ठेवले गेले. सव्वासातला खाण्याचा बर्फ दिसेना म्हणून मदतनिसाने लादी फोडून कोकम सरबताच्या भांड्यात टाकायला घेतली. सातवीतल्या मुलीने विचारलं, ‘‘काकू, हा बर्फ निळा का आहे?’’ आठ लिटर सरबत ओतून द्यावं लागलं. दोन बर्फ दोन टोकांना, दोन रंगांच्या टबांत, आणि लादीच्या टबावर ठळक अक्षरात ‘खाण्याचा नाही’. इतकंच करायचं होतं.

गोणपाटात गुंडाळून, लाकडाच्या भुशात ठेवलेली लादी पाच-सहा तास टिकते. उघड्या टबात ती फार लवकर वितळते.

प्यायला

स्वागताला शहाळी. ११२ शहाळी परवडत नाहीत आणि लागतही नाहीत; ४० घेतली, साठ रुपयांनी. मुलं आणि ज्येष्ठांना आधी, उरली तर बाकीच्यांना. कापायला ठेलेवालाच बोलावला, त्याचा कोयता, त्याचा ओंडका, भोवती दोन मीटरची दोरी. कॉलनीतल्या कोणी हौसेने कोयता हातात घेऊ नये. ठेलेवाल्याशी पहिली बोली भावाची नव्हे, टरफलांची करावी. पाणी काढलेलं शहाळं सव्वा ते दीड किलो भरतं. चाळीसांची ५०-६० किलो टरफलं सकाळच्या कचरागाडीत एका दारातून जात नाहीत, आणि ती ओल्या कचऱ्यात लवकर कुजतही नाहीत. ‘टरफलं परत नेणार’ हे ठरवून घेतलं होतं, म्हणून तो प्रश्न उरला नाही.

प्वेर्तो रिकोचा पिन्या कोलादा रम वगळून करायचा बेत होता : कच्च्या अननसाचा रस, नारळाचं दूध, व्हॅनिला आइस्क्रीम. चव घेतली तेव्हा छान, वीस मिनिटांनी कडू. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाईम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि कडवटपणा येतो. अननसाची जेली जिलेटिनवर धरत नाही तीही याचमुळे. उपाय एकच : फोडी थोड्या साखरेत आठ-दहा मिनिटं उकळून, गार करून मग वापरायच्या. उकळल्यावर एन्झाईम मरतं. आइस्क्रीम काढून टाकलं. उकळलेला अननस रस ३ लिटर, नारळाचं दाट दूध दीड लिटर, वाटीभर साखर आणि लिंबू. मुलांनी सगळ्यात जास्त हेच मागितलं.

खरं सांगायचं तर ट्रॉपिकल पेय मराठी स्वयंपाकघरात आधीपासून आहे, त्याचं नाव सोलकढी. रंगही फ्लेमिंगोचा. दहा नारळांची साडेआठ लिटर केली. खोवलेलं खोबरं कोमट पाण्यात वाटून पहिलं आणि दुसरं दूध काढलं. कढत पाणी घातलं तर तूप सुटल्यासारखे डोळे वर येतात. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, लिटरमागे ८० ते १०० मिली, मिरची, लसूण, जिरं. आगळात मीठ असतंच, वरचं मीठ चाखूनच.

चूक इथे झाली की साडेचारला सगळं मिसळून ठेवलं. साडेसातला वर पांढरा थर, खाली गुलाबी पाणी, आणि आंबूस वास. आंबटामुळे नारळाचं दूध फाटायला लागतं आणि उन्हाळ्याची ऊब ते काम लवकर उरकते. निम्मी सोलकढी टाकावी लागली. दूध दोन लिटरच्या बाटल्यांत अर्धवट गोठवून आणायचं, आगळ वेगळं, आणि दर पाऊण तासाला दोन लिटरच मिसळायचं. बर्फ घालायचाच नाही, गोठलेलं दूधच गारवा देतं. बर्फाने ती पातळ होते आणि मग कोकणातल्या सासरचे लोक नाक मुरडतात.

खायला

इंदुरात खोबऱ्याचा पदार्थ शोधायला लांब जायला नको. खोपरा पॅटीस इथली ओळख आहे आणि या थीमला तिच्याइतकं चपखल दुसरं काही नाही. बाहेर बटाटा, आत ओलं खोबरं. २५० नगांचं माप :

उकडलेला बटाटा १२ किलो, आरारूट १ किलो, मीठ. सारणाला ओलं खोबरं ३ किलो (मध्यम ११-१२ नारळ), काजू ३०० ग्रॅम, बेदाणे २०० ग्रॅम, हिरवी मिरची १५० ग्रॅम, आलं, कोथिंबीर, साखर १५० ग्रॅम, ८ लिंबं. एका पॅटीसला बाहेर ४५-५० ग्रॅम बटाटा, आत १५ ग्रॅम सारण. तळायला ८ लिटर तेल, त्यातलं निम्म्याहून जास्त परत मिळतं. काजूमुळे ॲलर्जीच्या दोन मुलांसाठी बिनकाजूच्या दहा आधी तळून वेगळ्या झाकणाच्या डब्यात.

पहिल्या चाळीसातल्या पंधरा कढईत फुटल्या. आचाऱ्याने तेलाला दोष दिला, पण कारणं तीन होती. बटाटा नवा, पाणचट होता आणि सकाळीच उकडलेला. साखर आणि मीठ सारणात तासभर आधी पडलं, खोबऱ्याला पाणी सुटलं. तेलात त्याची वाफ झाली आणि तिने बाहेरचं कवच फोडलं. आणि एका घाण्यात पंधरा-सोळा सोडल्या, तेल एकदम निवलं, कवच कडक व्हायच्या आधी बटाटा तेल पिऊ लागला. पुढच्या घाण्यांना लिंबू-साखर-मीठ वळायच्या वेळी, वाटीवाटीने. बटाट्यात किलोमागे आणखी मूठभर आरारूट. एका वेळी आठच, तेल १७५-१८० अंशांवर. थर्मामीटर नसेल तर बटाट्याचा कण टाकावा : टेकून लगेच वर आला पाहिजे, काळा पडायला नको. त्यानंतर दोनच फुटल्या. बटाटा जुना घ्यावा, आदल्या रात्री उकडून, सोलून, फ्रीजमध्ये ठेवावा. गार झालेला स्टार्च घट्ट धरतो.

खोबऱ्याची चटणी या उन्हात सगळ्यात बेभरवशाची. बत्तीस अंशांच्या वरच्या हवेत नाशवंत पदार्थ तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये, हा अन्नसुरक्षेचा नियम चटणीला अक्षरशः लावावा. चटणी पाच छोट्या डब्यांत केली, चार फ्रीजमध्ये, एक बर्फाच्या परातीत. डबा संपला तर नवा. उरलेल्यात नवी मिसळायची नाही, कारण जुन्यातलं आंबणं नव्यात जातं.

बाकी जेवण सोपं : ओलं खोबरं भुरभुरलेला मसालेभात, ९ किलो तांदळाचा, आणि अननसाचा शिरा. शिऱ्याला रवा अडीच किलो, साखर सव्वादोन, तूप दीड, पाणी-दूध मिळून सहा लिटर, आणि तीन अननस; तेही साखरेत उकळूनच, नाहीतर दूध नासतं. चोखायचे आंबे २० किलो, दोन तास पाण्यात भिजवून लादीच्या टबात. पुसून, सोलायला सुरी न देता. कलिंगड सहा, प्रत्येकी पाच किलोची. सोलून माणशी साधारण १६० ग्रॅम पडतं. मीठ-मसाला वर टाकून ठेवू नये, दहा मिनिटांत ताटात तळं होतं.

एक तक्रार आली ती सेवेची. ट्रॉपिकल असो की आणखी काही, इंदुरात टेबलावर सेव नसणं म्हणजे पाहुणचारात खोट. कोणीतरी घरून दोन किलो लसणाची सेव आणली आणि लोकांनी ती कलिंगडावरही टाकली. यावर मत देण्यात अर्थ नाही.

सजावट

थर्माकोलचे फ्लेमिंगो, प्लास्टिकचे स्ट्रॉ, चमचे, ग्लास, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या या एकदाच वापरायच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. इंदुरात कचरा वेगवेगळा करायची शिस्त कडक. दुसऱ्या दिवशी गाडीवर सगळं उघडं पडतं. स्टीलचे ग्लास आणि ताटल्या टेंट हाऊसकडून, पॅटीसला पळसाच्या पानांचे दोने. कागदी स्ट्रॉ शहाळ्यात पाच मिनिटांत लिबलिबतात, म्हणून शहाळं दिलं ते ग्लासात ओतून आणि मलई चमच्याने.

केळीचे खांब दोन, दारात. केळीची पानं उन्हात अडीच-तीन तासांत कडांनी वळतात. पहाटे कापून, बुडखा बादलीत, वरून ओलं गोणपाट, आणि लावायची पाचनंतरच. माळव्यात शिंदीची झाडं मुबलक. त्यांच्या झावळ्या कोमेजत नाहीत, दोन दिवस तशाच राहतात. चोइथराम मंडीतून, इथल्या मोठ्या भाजी-फळबाजारातून, आणलेल्या चटयांवर झावळ्या बांधून कमानी केल्या. खर्च जवळजवळ मजुरीचाच.

जास्वंद या थीमचं बोधचिन्हच आहे, पण संध्याकाळी ती मिटते. डझनभर फुलं सकाळी उमलताच खुडून डब्यात फ्रीजमध्ये ठेवली आणि सहाला काढली, ती रात्रीपर्यंत उघडी राहिली. कमानीसाठी हा खटाटोप परवडत नाही. हवाईतल्या माळेचं फूल म्हणजे आपला देवचाफा. मे महिन्यात तो इथे भरभरून असतो. पण एका गळ्यातल्या माळेला पन्नासेक फुलं लागतात. ३६ मुलांना अठराशे, म्हणजे कॉलनीतली झाडं ओरबाडणं. मनगटाला पाच-पाच फुलांचा गजरा केला, १८० फुलं, पडलेली आणि खालच्या फांद्यांची. देठातून पांढरा चीक येतो, तो अंगाला खाजतो. तासभर पाण्यात ठेवून मग ओवावीत. बायकांना मोगरा, तो संध्याकाळीच उमलतो.

मशाली आणि पणत्या पूर्ण वगळल्या. प्लास्टिकचा गवती घागरा पेट घेतो तेव्हा वितळून कातडीला चिकटतो. वाऱ्याच्या संध्याकाळी ठिणगी आणि असा घागरा एका जागेत नकोत. सौर दिवे आणि पिवळ्या एलईडीच्या माळा पुरेशा झाल्या. पोशाखाला फुलाफुलांचा सुती शर्ट किंवा साडी एवढंच सांगितलं. पॉलिस्टरच्या ‘हवाईयन’ शर्टात माणूस वाफवला जातो.

खेळ थोडक्यात. त्रिनिदादचा लिंबो : दोन बांबू, एक आडवी काठी, सव्वा मीटरपासून दर फेरीला दहा सेंटिमीटर खाली; काठी नुसती टेकवलेली, बांधलेली नाही, म्हणजे धक्का लागला की पडते. नारळाची गोलंदाजी : सोललेला नारळ, सहा मीटरवर वाळू भरलेल्या दहा बाटल्या. आणि मोठ्यांसाठी नारळ लढवणं, मालवणकडे नारळी पौर्णिमेला खेळतात तसं : एकाने नारळ धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने ठोसा द्यायचा, ज्याचा फुटेल त्याचा गेला. करवंटीचे तुकडे डोळ्यात उडतात, मुलं दोन मीटर मागे. फुटलेले नारळ धुऊन मसालेभातावर गेले.

लाऊडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा कायदा आहे. पोलीस ठाण्यात अर्ज आठवडाभर आधी दिला. निवासी भागातली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, म्हणजे मोठ्या आवाजातल्या गप्पांपेक्षाही कमी. दोन लहान स्पीकर आतल्या बाजूला तोंड करून, कमरेच्या उंचीवर. उंच लावले की आवाज कॉलनीबाहेर जातो आणि आतल्यांनाच नीट ऐकू येत नाही.

पावणेसातची घटना

चुकीच्या नेटमुळे उन्हात बसलेल्या ज्येष्ठांपैकी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या एका आजोबांना गरगरलं. घाम येत होता, बोलणं शुद्ध होतं. त्यांना कूलरसमोर आडवं केलं, पाय उचलून, मानेवर आणि काखेत ओला कपडा, आणि शुद्ध असल्याने घोट घोट पाण्यात कालवलेलं ओआरएस, पाकिटावर लिहिलं तेवढ्याच पाण्यात. वीस मिनिटांत उठून बसले. सुनेने रक्तदाब मोजून रात्रीच डॉक्टरांना फोन केला. अशा वेळी बोलण्यात गोंधळ, उलट्या, बेशुद्धी किंवा घाम थांबून अंग भाजल्यासारखं गरम लागलं तर तो उष्माघात : लगेच १०८, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी आणि वारा, तोंडात काही नाही. ओआरएसची २० पाकिटं ठेवली होती, नऊ वापरली, बहुतेक मुलांनी.

दहाला आवाज बंद, साडेदहाला टेबलं मोकळी. ३८,५५० खर्च झाले, २,२५० शिल्लक. उरलं : भात सुमारे दीड किलो तांदळाचा, आंबे चार किलो, सोलकढी शून्य, पॅटीस शून्य. पुढच्या वर्षीच्या वहीत तीन दुरुस्त्या लिहिल्या गेल्या : तांदूळ ७.५ किलो, नारळ पाच जास्त, उभी नेट पश्चिम-वायव्येला.

रविवारी सकाळी चारही कूलरच्या टाक्या ओतून, कोरड्या पुसून, उलट्या ठेवल्या. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो, आणि आठवड्या-दहा दिवसांत त्याचे डास होतात. टेंटवाला सोमवारी येणार होता. तो गुरुवारी आला.